काळा राब

राब कसा भाजावा हे हैबतीला विचारावं, असं बिरवाडीपासून वरच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत कुणीही सांगितलं असतं. भाताचं रोप टाकायच्या आधी उन्हाळ्यात जमिनीचा तुकडा भाजून घेतात, तो राब. खाली शेण, वर झाडांचे टहाळ, त्यावर पालापाचोळा, सगळ्यात वर मातीचा पातळ थर, आणि मग काडी लावायची. यात काय एवढं मोठं, असं एखाद्याला वाटेल. पण राब भाजणं हे भाकरी भाजण्यासारखं आहे. येतं सगळ्यांना, जमतं एखाद्यालाच. इतरांच्या राबात कुठे अर्धा जळका फाटा राहायचा, कुठे काळं ढेकूळ राहायचं आणि नेमकं तिथेच तण माजायचं. हैबतीचा राब असा जळायचा की दुसऱ्या दिवशी जमिनीवर पिठासारखी पांढरी राख. काळा ठिपका शोधून सापडायचा नाही.

"अर्धं भाजलं ते भाजलंच नाय," असं तो म्हणायचा, आणि हे त्याचं म्हणणं राबापुरतं नव्हतं. एकदा पोलादपूरहून येताना एस.टी. वाटेत बंद पडली. बाकीचे प्रवासी मागून आलेल्या गाडीत चढून घरी पोचले, जेवले, निजलेसुद्धा. हैबती त्या बंद गाडीतच बसून राहिला. ज्या गाडीचं तिकीट काढलं तीच गाडी घरी नेणार, असं त्याचं म्हणणं. मेकॅनिक आला, गाडी सुरू झाली आणि हैबती एकटा, राजासारखा, बिरवाडीच्या थांब्यावर उतरला. बयाबाई, म्हणजे त्याची बायको, हा किस्सा पाहुण्यांना सांगायची तेव्हा हैबती शेजारी बसून मान डोलवायचा. यात आपली थट्टा आहे हे त्याच्या गावीही नसायचं.

त्याची वाडी बिरवाडीच्या पुढे, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने चढत गेलं की लागते. वाडीत सगळ्यात चांगलं भातखाचर हैबतीचं. वहाळाचं पाणी आधी त्याच्या खाचरात यायचं, तिथून शेजारच्या मोरूच्या, तिथून पुढे बाकीच्यांच्या. पहिलं पाणी आपलं, याचा हैबतीला भारी अभिमान. आणि तो अभिमान दिसायचा लावणीच्या जेवणाला.

वाडीत लावणी सावडीवर चालते. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. द्यायचं ते एक जेवण, आणि त्या जेवणातला भात त्याच खाचरातला हवा. कालवण सुकटीचं असो की पिठी कुळथाची असो, त्यावरून कुणी तोंड वाकडं करत नाही. भात मात्र ज्या चिखलात आज हात घातले त्याच चिखलातला. हैबतीच्या लावणीला माणसं न बोलावता यायची आणि मोरू तर तिसऱ्यांदा भात मागून घ्यायचा. शेजारी म्हणून मोरूचं आणि हैबतीचं कधी फारसं जमलं नाही, पण त्याच्या भाताशी मोरूचं भांडण नव्हतं.

दोन हजार सहा सालची सुगी झाली आणि प्रियदर्शिनी वाडीत आली. कृषी महाविद्यालयात शिकून पुढे संशोधन करणारी मुलगी. पाठीला सॅक, पायात गमबूट. तिने वहाळाकाठच्या प्रत्येक खाचरातली मूठभर माती आणि मूठभर भात पिशव्यांत भरून नेला. महिन्या-दोन महिन्यांनी ती परत आली आणि थेट हैबतीच्या बांधावर जाऊन उभी राहिली. तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, पण शेजारच्या बांधावर मोरू गवत कापत होता. मोरूचे कान म्हणजे काय सांगावं. हैबती घरी पोचायच्या आत बातमी वाडीला वळसा घालून आली होती: हैबतीच्या तांदळात विषारी धातू निघाला.

धातूचं नाव कॅडमियम. वर वहाळाच्या तोंडाशी कुणीतरी मागे एक शेड भाड्याने घेऊन रंग-रसायनांचे जुने ड्रम धुवायचा धंदा काढला होता. धंदा बुडाला, शेडला कुलूप लागलं, माणूस कुठे गेला देव जाणे. पण त्याने जे धुतलं ते पाण्याबरोबर खाली आलं आणि पहिल्या खाचरात बसलं. मोरूच्या आणि पुढच्यांच्या खाचरात पोचेपर्यंत पाणी निवळलेलं, म्हणून त्यांचा तांदूळ हद्दीच्या आत. पहिलं पाणी आपलं, या अभिमानाचं असं फळ पदरात पडलं.

"काका, एखाद्या दिवशी खाल्ल्याने कुणी आजारी पडत नाही," प्रियदर्शिनी म्हणाली. "पण वर्षानुवर्षं खाल्लं तर मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम होतो. तूर्त हा तांदूळ खाऊ नका."

"आनि इकू?"

"विकूही नका."

"इकनार नव्हतोच," हैबती म्हणाला. "इचारून ठेवलं."

त्या वर्षीचा भात कणगीतच राहिला. माणसांनी तो खाल्ला नाही. उंदरांना मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं. घरात खायला भात आला तो बयाबाईच्या माहेराहून, कापड्याहून. मेहुण्याने आनंदाने पोती पाठवली. हैबती तो भात खायचा आणि प्रत्येक घासाला त्याला वाटायचं, आपण सासुरवाडीला घरजावई होऊन राहिलो आहोत.

उपाय प्रियदर्शिनीनेच सुचवला. हैबतीच्या ओटीवर बसून, चहाची बशी हातात धरून ती समजावत होती. "मातीतून हा धातू काढून टाकता येत नाही. पण तो धरून ठेवता येतो. भाताच्या तुसाचा कोळसा करायचा आणि खाचरात मिसळायचा. त्या कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात धातू अडकून बसतो, मुळापर्यंत पोचत नाही. शिवाय आपल्याकडची माती आंबट, आंबट मातीत धातू चटकन सुटतो. कोळशाने आंबटपणाही उतरतो. याला बायोचार म्हणतात."

"म्हंजे राखुंडीच की," चुलीपाशी बसलेली बयाबाई म्हणाली. वाडीतल्या सगळ्या बायका तुसाची राखुंडी करतात, दात घासायला.

"अगदी राखुंडी, काकू. माझी आजीही करायची. तेवढंच काळं हवं. सगळं तूस काळं झालं की पाणी मारून विझवायचं. पांढरं होऊ द्यायचं नाही. पांढरी झाली ती राख. राखेचाही चार दिवस उपयोग होतो, पण पावसात ती वाहून जाते. कोळसा राहतो."

हैबती ऐकत होता. त्याला सगळं कळलं. फक्त एक गोष्ट गळ्याखाली उतरेना: जाळ अर्ध्यात विझवायचा. उभ्या जन्मात जे केलं नाही ते करायचं, आणि तेही कशासाठी, तर राखुंडीसाठी. शेताला काय दात घासायचे आहेत?

तुसाची चिंता नव्हती. बिरवाडीत सईदची भाताची गिरण होती, आणि गिरणीच्या मागे तुसाचा डोंगर. सईद पंधरा वर्षं मस्कतला राहून आलेला, गिरणीवर बसूनही शर्टाची इस्त्री न मोडणारा माणूस. गिऱ्हाइकांनी "हैबतीच्या भातानंतर आमचा नको" म्हटल्यापासून तो हैबतीचं पोतं, कापड्याच्या भाताचं असलं तरी, दिवसाच्या शेवटी काढायचा आणि नंतर स्वतः गिरण पुसायचा. हैबतीला त्याने कारण सांगितलं नव्हतं, आणि हैबतीनेही विचारलं नव्हतं. दोघांच्या मैत्रीत एवढी समज होती.

"तूस पायजे तेवढं ने," सईद म्हणाला. "टेम्पोपन मीच पाठवतो. तेवढीच माजी जागा मोकळी होईल."

त्याने नुसतं तूस पाठवलं नाही. प्रियदर्शिनीने कागदावर काढून दिलेल्या चित्राप्रमाणे पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून, वर धुराडं बसवून भट्टी तयार करून आणली. डब्यात आग, भोवती तुसाचा ढीग. आतल्या धगीने तूस आतून बाहेर काळं होत येतं. आग पेटवून, पाण्याचे ड्रम भरून ठेवून सईद गिरणीवर परत गेला. बयाबाई कापड्याला भावाच्या घरी गेली होती. ढिगापाशी हैबती एकटा उकिडवा बसला.

दुपार कलली तसं तूस काळं झालं. वरून खालपर्यंत, एकसारखं, राखुंडीसारखं. हैबती उठला, त्याने बादली भरली. आणि नेमका त्याच वेळी मोरू गुरं घेऊन बांधावरून चालला होता.

"काय रे हैबती," मोरू म्हणाला, "जाळ अर्ध्यात इझवतोस? वय झालं काय तुजं?"

मोरूने हे सहज म्हटलं होतं. असलं काही तो दिवसातून दहा जणांना म्हणायचा. पण हैबतीच्या हातातली बादली खाली आली.

"कोन इझवतो?" तो म्हणाला. "पानी प्यायला काढलं."

आणि मग त्याने जे केलं ते फक्त हैबतीच करू जाणे. त्याने ढीग उसकटला, वारं दिलं, फावड्याने वरचं खाली केलं आणि तूस संध्याकाळपर्यंत असं भाजलं की शेवटी पांढरी शुभ्र, मऊ राख उरली. गुरं घेऊन परतताना मोरू थांबला, त्याने चिमूटभर राख बोटांत चोळली आणि म्हणाला, "ह्याला म्हंतात भाजनं." हैबतीची छाती फुगली. घराच्या पायरीवर पाय ठेवल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. पण तोपर्यंत राख झाली होती. ती त्याने खाचरात पसरली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

आषाढात लावणी आली. भात घालायचा कुठला, हा प्रश्न उभा राहिला. बयाबाई म्हणाली, कापड्याचा शिजवू. हैबती म्हणाला, "उसना भात घालून सावड करायची नाय. जेवान नाय म्हनून सांग. यायचं तर या, नाय तर नका येऊ."

माणसं आली. सावडीचा शब्द मोडता येत नाही म्हणून आली, आणि येताना प्रत्येकाने फडक्यात आपापली भाकर बांधून आणली. दुपारी सगळे मोरूच्या बांधावर जाऊन बसले आणि हैबतीच्या घराकडे पाठ करून जेवले. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. समोरासमोर जेवलो तर हैबतीला लागेल, म्हणून पाठ केली. पण हैबती ओटीवरून त्या पाठी बघत होता आणि त्याला वाटत होतं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायका जेवताना नेहमीसारखी गाणी म्हणत नव्हत्या, हेही त्याच्या लक्षात आलं.

जाताना मोरू म्हणाला, "खाचराची माती इटभट्टीवाल्याला दे. पैसा येईल. सावडीला मानसं किती दिस अशी येतील, सांग?"

हैबतीला राग आला, पण मोरू खोटं बोलत नव्हता. ज्याच्या घरी जेवायचं नाही त्याच्या चिखलात कुणी किती वर्षं वाकायचं? सावड तुटली तर ते खाचर दोन म्हाताऱ्या माणसांच्या हाताने लावून होणारं नव्हतं. आणि ज्या खाचरात लावणी नाही त्याची वीट होते, हे बिरवाडीच्या आसपास सगळ्यांनी पाहिलं होतं.

सुगी झाल्यावर प्रियदर्शिनीने पुन्हा तांदूळ तपासला. फरक नावालाच. ती दुसऱ्याच दिवशी आली, बूट घालून खाचरात उतरली आणि खुरप्याने माती उकरू लागली. हैबती आणि बयाबाई बांधावर उभे.

"काका, तूस काळं झाल्यावर विझवलं होतं ना?"

"व्हय," हैबती म्हणाला. अख्ख्या आयुष्यात त्याने मारलेल्या थापा बोटांवर मोजण्यासारख्या, त्यातली ही एक, आणि ती त्याला मारताही आली नाही. कान लाल झाले.

प्रियदर्शिनीने मातीचं ढेकूळ तळहातावर चोळलं. "कोळसा मातीत वर्षानुवर्षं तसाच राहतो. इथे एक काळा कण दिसत नाही."

बयाबाईने नवऱ्याकडे बघितलं, मग मातीकडे, मग परत नवऱ्याकडे. "पांढरं केलंत," ती म्हणाली. "केलंत ना? सुंभ जळला तरी पीळ जायाचा नाय. राखुंडी करायला मी पंधरा मिन्टात शिकले, वयाच्या सातव्या वर्षी. आनि तुमी..." तिला पुढे बोलता येईना, कारण ती हसायला लागली होती, आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

प्रियदर्शिनी हसली नाही आणि चिडलीही नाही. तिने हात झटकले. "माझंही वर्ष गेलं, काका," ती म्हणाली. "आता माझ्याकडे एकच वर्ष उरलंय. नंतर हे काम बंद करून दुसरं घ्यावं लागेल."

हैबतीला लाज वाटली. मोरूच्या एका वाक्यापायी आपण एका मुलीचं वर्ष जाळलं, तेही पांढरं शुभ्र. तो म्हणाला, "यंदा काळं करतो. तुमच्या गळ्याची आन."

"माझ्या गळ्याची नको," प्रियदर्शिनी म्हणाली. "फक्त विझवा."

पुढच्या उन्हाळ्यात ढीग पुन्हा पेटला, तेव्हा हैबतीने मुद्दाम दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पेटवला. लपूनछपून विझवायचं त्याला नको होतं. बातमी अर्थात मोरूने पोचवली आणि निम्मी वाडी बांधावर येऊन बसली. सईदही आला होता, कपडे सांभाळत, टेम्पोच्या सावलीत. बयाबाई ढिगापाशी बसून तुसाचा रंग बघत होती, आणि हैबती बादली धरून उभा होता.

काळा रंग हळूहळू बाहेर सरकत आला. बयाबाई एकदा उठली, तिने काठीने ढीग ढवळला आणि पुन्हा बसली. बांधावर गप्पा चालल्या होत्या. मग ती म्हणाली, "आता."

हैबती हलला नाही. वरच्या कडेला अजून दोन-चार पिवळी टरफलं होती. ती काळी होतील, खालची पांढरी होतील, मग सगळंच एकसारखं होईल. आणखी थोडाच वेळ. त्याचे हात आपोआप फावड्याकडे वळत होते. इतकी वर्षं ते हात हेच करत आले होते.

"हैबतीभाव," सईद टेम्पोजवळून म्हणाला, "बाई काय सांगते ऐकलास ना?"

हैबतीने बादली ओतली. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि ढीग काळाच राहिला. मग दुसरी बादली, तिसरी. सईदने ड्रमातून पाणी काढून द्यायला सुरुवात केली आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची वाट लागली.

"इझला," मोरू बांधावरून म्हणाला. "हैबतीचा राब इझला."

बांधावर हशा पिकला. हैबतीने पुढची बादली उचलली. टेम्पोमागून टेम्पो तूस आलं, तेवढ्या वेळा त्याने काळं केलं आणि तेवढ्या वेळा विझवलं. प्रत्येक वेळी त्याचा हात फावड्याकडे जायचा, पण पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा कमी, आणि शेवटी शेवटी तर तो बयाबाईच्या आधी म्हणायचा, आता. तेवढे दिवस वाडीने त्याला हैराण केलं. जो तो विचारायचा, राखुंडी झाली काय रे? शेवटी एक दिवस हैबतीने मूठभर काळा चुरा मोरूच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घे. दात घास. बोलतोस लई, तोंड सोच्छ ठेव." त्यानंतर मोरू जरा गप्प झाला, पण चुरा त्याने पुडीत बांधून घरी नेला, हे बयाबाईने पाहिलं.

काळं खाचर, काळा चिखल. त्या आषाढात लावणीला निम्मीच माणसं आली, आपापली भाकर घेऊन. राहिलेला कोपरा हैबती आणि बयाबाईने दोन दिवस वाकून लावला. हैबतीने तक्रार केली नाही. कंबरेने केली.

सुगीनंतर प्रियदर्शिनी आली ती टेम्पोतून सईदबरोबरच, आणि अंगणात शिरतानाच म्हणाली, "काका, हद्दीच्या खाली आला."

बयाबाईने हात जोडले. सईद म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह." हैबतीने विचारलं, "किती खाली?"

"बऱ्यापैकी खाली. खायला हरकत नाही."

"म्हंजे पुरा गेला?"

"नाही काका. पुरता जात नाही. थोडा दाण्यात येतोच, आणि मातीत तर तो आहेच, कोळशाने फक्त धरून ठेवलाय. दर वर्षी तपासत राहू, लागेल तसा कोळसा घालू. आणि लोंब्या यायच्या वेळी खाचरात पाणी उभं ठेवा, आटू देऊ नका."

हैबतीचा चेहरा उतरला. पुरा गेला नाही, मग काय गेला? अर्धं गेलं ते गेलंच नाय. प्रियदर्शिनीला वाटलं, माणूस आनंदाने गप्प झाला. बयाबाईला बरोबर कळलं. त्या दुपारी तिने खाचरातला तांदूळ शिजवला, नवऱ्याला वाढला आणि स्वतःही घेतला. हैबतीने पहिला घास बराच वेळ चावला.

"लागतो का धातू?" तिने विचारलं.

"नाय."

"मंग खा मुकाट्यानं. कापड्याचा ह्याच्यापेक्षा चांगला व्हता म्हनाल तर म्हना."

हैबती तसं म्हणणं शक्य नव्हतं.

पुढच्या आषाढात, लावणीच्या आदल्या दिवशी तो सईदच्या गिरणीवर गेला. भात सडून घेतला, पोतं शिवून घेतलं आणि तिथेच बसून राहिला. "उद्या जेवान घालतो," तो म्हणाला. "मोरू इचारनार, पुरा गेला काय. काय सांगू?"

"सांग, गेला," सईद म्हणाला. "सगळा गेला, साफ. थोडा हाय, हद्दीच्या आत हाय, हे लोकांना नाय समजत रे. 'थोडा' म्हनलास की फडकी सोडून भाकर काढतील. मॅडमनं खायला हरकत नाय म्हनलंय, मंग तू कुनाला फसवत नायस."

सईदचं बोलणं पटण्यासारखं होतं. हैबती वाटभर ते वाक्य घोळवत आला: सगळा गेला, साफ. वाक्य लहान होतं आणि पुरं होतं. त्याला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस बेताचा होता. आवतण गेल्यामुळे वाडी सगळी आली होती, पण काखेत फडकी होतीच. न जाणो. बयाबाईने पडवीत मोठं पातेलं उतरवलं. सुकटीच्या कालवणाचा वास खाचरापर्यंत गेला, आणि दुपारी माणसं हातपाय धुऊन आली ती पडवीच्या तोंडाशी घोळक्याने उभी राहिली. बसलं कुणीच नाही. सईद एकटा खांबाला टेकून उभा होता आणि हैबतीकडे बघून डोळ्यांनी खुणावत होता.

"हैबती," मोरूने विचारलं, "एकच सांग. पुरा गेला काय धातू?"

हैबतीने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. समोर सगळी वाडी, चिखलाने भरलेले पाय, काखेतली फडकी. सगळा गेला, साफ. दोन वर्षांच्या पाठी या एका वाक्याने फिरल्या असत्या. आणि मग त्याला खाचरात उकिडवी बसून ढेकूळ चोळणारी ती मुलगी आठवली आणि आपलं ते 'व्हय' आठवलं.

"पुरा नाय गेला," हैबती म्हणाला. "थोडा हाय. मातीत तर हायच. कोळशानं धरून ठेवलाय. मॅडम म्हनते खायला धोका नाय, आमी दोघं सुगीपासून खातोय. पन पुरा गेला म्हनून मी सांगनार नाय."

सईदने कपाळाला हात लावला. मोरू हैबतीकडे बघत राहिला. मग त्याने काखेतलं फडकं काढलं. पण मोरूने ते सोडलं नाही. ओटीच्या कडेला ठेवून दिलं.

"हा मानूस," मोरू बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "बंद पडलेल्या गाडीतनं उतरला नव्हता. ह्यानं आपल्या तोंडानं कदी म्हनलंय, माजं काम अर्धं राह्यलंय म्हनून? आज म्हनतोय. म्हंजे मॅडमनं सांगितलं तेच ह्यानं सांगितलं, इकडचा दाना तिकडं नाय." तो पडवीत शिरला आणि पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसला. "वाढ गो वैनी. आनि अर्धा नको वाढू."

एकजण बसला, मग दुसरा, मग ओळच लागली. ओटीच्या कडेला फडक्यांची रास झाली. बयाबाई वाढत होती, सईद कालवणाची बादली फिरवत होता, आणि कुणातरी म्हातारीने मधूनच गाण्याची ओळ उचलली तशा बाकीच्या बायका तोंडात घास असताना तिच्यामागे गेल्या. हैबती दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याला रडू येत होतं आणि ते दाबण्यासाठी तो उगाचच भात पुरेल का, असं विचारत होता.

नाही पुरला. मोरूने तिसऱ्यांदा मागितला तेव्हा बयाबाईला पातेलं तिरकं करावं लागलं, आणि सगळे उठून हात धुवायला गेले तेव्हा तळाला एक शीत नव्हतं.

"तुमच्यासाठी काय र्‍हायलं नाय," बयाबाई नवऱ्याला म्हणाली आणि पदराने तोंड पुसत हसली.

हैबती ओटीच्या कडेला बसला. त्याने मोरूचं फडकं ओढून घेतलं, गाठ सोडली आणि आतली नाचणीची भाकर कालवणाच्या बादलीत पुसून पुसून खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत, अर्धी न टाकता.